मायक्रोवेव्ह आणि आपली भांडी : तुमचे अनुभव लिहा

मोरपीस

काल रात्री लेकीने एक फोटो पाठवला आणि खाली एकच ओळ, "आई हा कप मायक्रोवेव्हमध्ये चालेल ना?" नुकतीच वेगळी राहायला लागलीये, भांडी इकडून तिकडून जमवलेली. कपाच्या काठाला बारीक सोनेरी रेघ. मी उत्तर लिहीत बसलेच नाही, सरळ फोन लावला आणि ती हॅलो म्हणायच्या आत "नको नको ठेवू नकोस" म्हणून ओरडले. घाबरलीच बिचारी.

ती रेघ बघून मला आईचा कप आठवला. आमच्याकडे मायक्रोवेव्ह आला तेव्हा मी कॉलेजात होते. बाबांनी आणला, सकाळी सगळ्यांना पाणी गरम करून दाखवलं आणि कामाला निघून गेले. दुपारी आईने तिच्या सगळ्यात आवडत्या सेटमधल्या कपात गार झालेला चहा ठेवला. सोनेरी काठाचा कप. बटण दाबलं आणि दोन सेकंदांत आत निळसर पिवळ्या ठिणग्या, तडतड आवाज, जळका वास. आईला मशीनवरचं बंद करायचं बटण सापडेना, तिने धावत जाऊन घराचा मेन स्विचच पाडला. कप फुटला नाही पण रेघ जागोजागी काळी झाली. त्यानंतर कित्येक वर्षं आईने त्या मशीनला हात लावला नाही. "माझ्या हातून बिघडलं" हेच डोक्यात. बिघडलं काहीच नव्हतं, आम्ही सगळे तिच्यासमोरच वापरत होतो की. पण असं का झालं हे तिला जवळ बसून कुणी सांगितलं नाही, मीही नाही. काल फोन ठेवल्यावर त्याचंच वाईट वाटत राहिलं.

मला पुढे कधीतरी कळलं की ती रेघ म्हणजे खराखुरा धातू असतो, अगदी पातळ थर. मायक्रोवेव्हमुळे धातूत करंट खेळतो, आणि थर पातळ असला किंवा टोक, कडा, चुरगळलेली घडी असली की तिथे तो एकवटतो आणि हवेतून ठिणगी उडते. म्हणून काट्याचे दात, चुरगळलेली फॉइल, सोनेरी-चंदेरी नक्षी, सगळं एकाच जातीचं. ओव्हनच्या भिंतीही धातूच्याच असतात, पण सपाट आणि जाड, तिथे असं होत नाही.

तर लिहा. कुठलं भांडं होतं, काय झालं, मग तुम्ही काय करायला लागलात. लेकीला हे सगळं वाचायला देणार आहे.

टपटप

टी-बॅगच्या दोऱ्याला असते ती स्टेपलरची पिन!! एवढीशी. ऑफिसच्या पॅन्ट्रीत कपातच बॅग सोडून दूध गरम करत होते, पिनेपाशी ठिणगी आणि तो कागदाचा तुकडा पेटला. आता दूध आधी, बॅग नंतर. बाकी नंतर लिहिते, मीटिंग आहे

उंबरठा

मोरपीस, आईंचं वाचून पोटात कालवलं. आमच्या आजेसासूबाईंचंही असंच झालेलं, मशीनचं नाही, मिक्सरचं. नवीन वस्तू घरात आली की घरातल्या मोठ्या माणसाला कुणी शिकवतच नाही, "तुला नाही जमायचं, राहू दे" म्हणतात आणि मग ते खरंच राहून जातं. आईंना आता सांगा ना. अजून वेळ गेलेली नाही.

काजवा

भांडं चालेल की नाही ह्यासाठी मी वर्षानुवर्षं एक चाचणी करतो, कुणी अजून लिहिली नाही म्हणून लिहितो. आधी भांड्याला कुठे धातू नाही ना ते बघायचं, रेघ, नक्षी, खालचा चकचकीत शिक्का, काहीच नको. मग ते भांडं रिकामं आत ठेवायचं आणि त्याच्या शेजारी खात्रीच्या कपात एक कपभर पाणी. फुल पॉवरवर एक मिनिट. बाहेर काढताना हात जपून लावा. पाणी गरम आणि भांडं गार असेल तर ते भांडं लहरी पिऊन घेत नाहीये, चालेल. भांडंच तापलं आणि पाणी कोमट राहिलं तर नाही चालणार, ते भांडं कपाटातच बरं. शेजारी पाणी ठेवायला विसरू नका, रिकामं मशीन चालवायचं नसतं, लहरींना शोषायला कुणीच नसलं की त्या फिरून मॅग्नेट्रॉनकडेच, म्हणजे त्या तयार करणाऱ्या भागाकडेच जातात.

ही चाचणी मातीच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांसाठी फार कामाची आहे. प्लास्टिकचं मात्र ह्यावर सोडू नका, प्लास्टिक गार राहील चाचणीत आणि उद्या त्यात तेलकट काही तापवलंत की वितळेल.

निळाई

काजवा दादा धन्यवाद, आत्ता उठून चार मग तपासले. एक हाताने बनवलेला जाडजूड मग होता, मला भेट आलेला, त्याची कडी कायम भाजायची आणि आतली कॉफी मात्र गार. मला वाटायचं मशीनच म्हातारं झालं. आज एका मिनिटात मगच सापडला!

काजवा

@निळाई असं बऱ्याचदा होतं. ग्लेझला, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराला, बारीक तडे गेलेले असले किंवा बुडाला ग्लेझच नसलं की माती पाणी धरते, मग मायक्रोवेव्ह त्या पाण्याला तापवतो. आतून वाफ झाली की मग तडकतोही कधी. पेनं ठेवायला वापरा, भेट आहे ना.

साधा_माणूस

माझ्या धाकट्या भावाचं सांगतो. रात्री अभ्यासाला बसला होता, काचेच्या गुळगुळीत मगमध्ये नुसतं पाणी ठेवलं. उकळी दिसेना म्हणून परत दोन मिनिटं, परत दिसेना, परत दोन. बाहेर काढून त्यात कॉफीचा चमचा टाकला आणि अख्खा मग उसळून वर आला. हात, हनुवटी आणि गळा. ओरडण्याने आम्ही सगळे उठलो. आईने नळाखाली हात धरायला लावला, बर्फ शोधत बसली नाही, हे फार बरं केलं. डॉक्टर पण तेच म्हणाले, गार वाहतं पाणी वीस मिनिटं, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. आज डाग पुसट आहे पण तो अजूनही पाणी फक्त गॅसवर उकळतो.

चौकट

साधा_माणूस, भाऊ बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. जे झालं ते अतितप्त पाणी. गॅसवर पातेल्याचं बूड सगळ्यात गरम असतं, त्यावर खरखर असते, बुडबुडे तिथून सुटतात. गुळगुळीत स्वच्छ काचेत बुडबुडा सुरू व्हायला जागाच मिळत नाही, मग पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही शांत दिसतं. पावडर, साखर, चमचा, नुसता धक्कासुद्धा पुरतो, सगळी वाफ एकदम सुटते.

थोडा हिशेब करून बघा म्हणजे किती वेळ ठेवायचं त्याचा अंदाज येईल. २५० मिली पाणी २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत न्यायला साधारण ७८ हजार ज्यूल लागतात. ८०० वॅटच्या मशीनमध्ये म्हणजे शंभरेक सेकंद, थोडं इकडे तिकडे. सहा मिनिटं म्हणजे केवढी जास्तीची उष्णता त्या मगमध्ये कोंडली असेल! म्हणून मी दीड मिनिटापुढे एका कपाला जात नाही, आत लाकडी काडी किंवा लाकडी चमचा ठेवतो आणि झाल्यावर अर्धा मिनिट दार उघडून तसंच राहू देतो. उकळी दिसली नाही म्हणून परत परत बटण दाबायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा, विशेषतः रात्री जागणाऱ्या मुलांना.

साधा_माणूस

हा हिशेब त्याला आत्ताच पाठवला. इंजिनीअर आहे आता तो, म्हणाला "बरोबर आहे" आणि मग बराच वेळ काही लिहिलं नाही.

गोधडी

मी मध्येच एक विचारते, विषयाला थोडं सोडून आहे, मायक्रोवेव्हला मासळीसारखा वास लागलाय तो कशाने जाईल? मासळी ठेवलीच नव्हती.

पाऊलवाट

@गोधडी वाटीत पाणी, लिंबाच्या दोन फोडी, आत लाकडी चमचा (वर चौकट म्हणाले त्याच कारणासाठी), तीन मिनिटं चालवून पाच मिनिटं दार बंदच ठेव. मग ओल्या फडक्याने पूस. पण मासळी न ठेवता तसा वास येतोय तर आधी प्लग आणि सॉकेट बघ बाई, तापलेल्या प्लास्टिकचा वास कधीकधी मासळीसारखा येतो. प्लग काळा किंवा गरम लागला तर वापरणं थांबव आणि इलेक्ट्रिशियनला बोलाव.

गोधडी

अगं खरंच, सॉकेटच्या कडेला तपकिरी झालंय!! बंद केलं. थँक्यू थँक्यू. संध्याकाळी बोलावते कुणालातरी.

मोरपीस

बापरे गोधडी, बरं झालं विचारलंस!

ओली_माती

बाटलीतलं दूध कुणी लिहिणार आहे का? मग मी लिहिते. बाळ चार महिन्यांचं, रात्रीचे तीन, मी अर्धवट झोपेत. बाटली मायक्रोवेव्हमध्ये वीस सेकंद. बाटलीला बाहेरून हात लावून पाहिलं, कोमट. बाळाने एक घोट घेतला आणि जे किंचाळलं ना. तोंड आतून लाल झालं होतं. दूध मध्येच कुठेतरी कढत होतं आणि बाटली बाहेरून कोमट. डॉक्टरांनी रागावलं नाही, समजावलं. मायक्रोवेव्ह एकसारखं तापवत नाही, कुठे कढत कुठे गार असे पट्टे पडतात, आणि बाटली बाहेरून काहीच सांगत नाही. तेव्हापासून गरम पाण्याच्या भांड्यात बाटली उभी करायची, हलवायची, मनगटावर थेंब टाकायचा आणि मगच तोंडात. मूल आता नऊ वर्षांचं आहे, धडधाकट आहे. पण तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. नव्या आयांनो, रात्री कितीही झोप येत असली तरी बाटली आत ठेवू नका, प्लीज.

उंबरठा

ओली_माती, घट्ट मिठी. रात्री तीनला जाग्या असणाऱ्या प्रत्येक आईला हे कळायला हवं.

चौकट

त्या पट्ट्यांबद्दल. घरगुती मशीनची लहर २.४५ गिगाहर्ट्झची, म्हणजे तरंगलांबी साधारण १२ सेंटीमीटर. आत ती भिंतींवर आपटून परत येते आणि गरम-गार जागा ठरून जातात, दोन गरम जागांमध्ये ढोबळमानाने सहा सेंटीमीटर. म्हणून फिरती ताटली दिलेली असते. बाटली अगदी मध्यावर उभी केली की ती फिरते पण जागा बदलतच नाही. सूप, भात काहीही असो, ताटलीच्या कडेला ठेवा, मधे एकदा काढून ढवळा, आणि झाल्यावर दोन मिनिटं तसंच राहू द्या, उष्णता पसरते. उरलेलं अन्न मधोमध ७४ अंशांपर्यंत जायला हवं, नाहीतर गार राहिलेल्या भागात जंतू मजेत राहतात.

दुपारची_झोप

@चौकट दादा तुम्ही शिकवता का कुठे? इतकं सोपं करून सांगता.

चौकट

हो, शाळेत, विज्ञान. :)

इति_मी

माझा मुद्दा वेगळाच आहे, तो म्हणजे कन्व्हेक्शन आणि ग्रिल. आमचं मशीन तिन्ही करतं. डब्याच्या बुडाला ते लहरींचं चिन्ह होतं, मायक्रोवेव्ह सेफ लिहिलेलं, मी खात्री करून ठेवला. पण आदल्या दिवशी मुलीने केक केला होता आणि मशीन कन्व्हेक्शनवरच राहिलेलं, २०० अंश. डबा वितळून ताटलीवर वाहिला आणि घरभर धूर. मायक्रोवेव्ह सेफ म्हणजे फक्त मायक्रोवेव्हच्या लहरींना सेफ, कन्व्हेक्शनमध्ये तर आत गरम हवेची भट्टीच असते, तिथे प्लास्टिक चालत नाही. उलट मशीनबरोबर आलेली ती धातूची उंच जाळी ग्रिल आणि कन्व्हेक्शनसाठी असते, साध्या मायक्रोवेव्हवर ती आत राहिली की ठिणग्या उडू शकतात, मशीनच्या पुस्तकात कधी चालेल ते लिहिलेलं असतं ते वाचा. आता मी बटण दाबायच्या आधी पडद्यावरचं चित्र मोठ्याने म्हणते. "लहरी" नाहीतर "भट्टी". पोरं पण म्हणायला लागलीयेत.

टपटप

मीटिंग संपली. इति_मी ताई "लहरी की भट्टी" भारीच, आमच्या पॅन्ट्रीत चिकटवते कागद.

आणि दुसरा अनुभव, तिथलाच. एकाने डबा घट्ट लावून ठेवला. झाकण छताला लागेल इतक्या जोरात उडालं आत. वाफेला वाट हवीच, झाकण एका कोपऱ्यात सैल. आणि उघडताना लांबची कड आधी उचला म्हणजे वाफ तुमच्या तोंडावर येत नाही, मनगट भाजलंय माझं एकदा.

काजवा

प्लास्टिकवर थोडं. बुडाच्या त्रिकोणातला आकडा म्हणजे ते कशाचं बनलंय एवढंच, ते मायक्रोवेव्हचं प्रमाणपत्र नाही. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ते साधारण १६० अंशांना वितळतं, म्हणून बहुतेक चांगले डबे त्याचे असतात. १ आणि ६ आत नकोच, पाण्याची बाटली आणि तो हलका फोमचा डबा, दोन्ही लवकर मऊ पडतात. पण ५ आकडा असला तरी लहरींचं चिन्ह किंवा अक्षरात लिहिलेलं शोधा. आणि तेल, तूप, साखरेचा पाक पाण्यापेक्षा खूप जास्त तापतात. डब्याला आतून तो लालसर खरखरीत डाग पडतो ना, तेलकट टोमॅटोच्या रश्श्याचा, तो नुसता रंग नसतो, तिथे प्लास्टिक खाल्लं गेलेलं असतं. मी असे डबे सुकं सामान ठेवायला काढले.

निळाई

मेलामाइनबद्दल विचारायचंच होतं. त्या सुंदर हलक्या प्लेट्स, पडल्या तरी फुटत नाहीत म्हणून मुलांसाठी घेतलेल्या. त्यावर चाचणी केली नाही अजून.

काजवा

करू नका, गरजच नाही. मेलामाइन स्वतःच लहरी पितं आणि तापतं, फोड येतात, तडकतं. आणि साधारण ७० अंशांच्या पुढे त्यातून मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड अन्नात उतरायला लागतं. प्लेट म्हणून छान आहेत, अन्न दुसऱ्या भांड्यात गरम करून मग त्यात वाढा, तेही फार कढत नको.

पेंगूळ

माझा काचेचा बोल मायक्रोवेव्हमध्ये नाही तर बाहेर काढल्यावर फुटला. ओट्यावर पाणी सांडलं होतं त्यावर ठेवला आणि फाट्दिशी गेला, हजार तुकडे, मांजर घाबरून दोन दिवस कपाटाखाली. काचेचा म्हणून सेफ असं धरून चालले होते.

चौकट

काच काचेत फरक आहे. साधी सोडा-लाइम काच तापली की बोरोसिलिकेटच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेच्या, जवळजवळ तिप्पट फुगते. एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम झाली की आत ताण येतो आणि फुटते. बोरोसिलिकेट जर्मनीत १९व्या शतकाच्या शेवटी ऑटो शॉट यांनी तयार केली, प्रयोगशाळेच्या काचेसाठी. पण बोरोसिलिकेट असली तरी फ्रीझरमधून थेट आत आणि आतून थेट ओल्या ओट्यावर असं करू नका. लाकडी पाट किंवा घडी केलेलं कोरडं फडकं ठेवा खाली. मांजर कशी आहे आता?

पेंगूळ

ठीक आहे, आता मी फडकं अंथरलं की येऊन त्यावरच बसते :)

गवती

अंडं. उकडलेलं, सोललेलं, अर्धं पण न कापलेलं. तीस सेकंद. आत काही झालं नाही, ताटलीत काढलं, मुलाने काटा टोचला आणि फटाका. डोळ्याच्या खाली लागलं, डोळा वाचला. पिवळ्याच्या आत वाफ कोंडून राहते, बाहेरून पांढरं शांत. मग मी ह्यावर खूप वाचलं, २०१७ साली दोघा ध्वनीतज्ज्ञांनी अशी अंडी फोडून आवाज मोजला होता, एका कोर्टकेससाठी, फुटभर अंतरावर ८६ ते १३३ डेसिबल. आणि सगळी अंडी फुटत नाहीत, काहीच फुटतात. हेच वाईट, दहा वेळा काही होत नाही आणि आपण निर्धास्त होतो. अंडं कापून, पिवळा फोडूनच ठेवा, नाहीतर ठेवूच नका. बटाटा, टोमॅटो, सालीचं जे जे आहे त्याला काट्याने भोकं.

साधा_माणूस

गवती ताई, डोळा वाचला, देवाची कृपा.

दुपारची_झोप

द्राक्षाचे दोन तुकडे एका सालीने जोडलेले ठेवले की आत ज्वाळा होते असं भाच्याने व्हिडिओत पाहिलंय आणि तो करून बघायला मागे लागलाय, खरं असतं का हे?

चौकट

खरं असतं आणि करू देऊ नका. २०१९ मध्ये कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी त्याचं कारण नीट शोधलं. पाण्यात शिरल्यावर ती १२ सेंटीमीटरची लहर आखडून साधारण द्राक्षाएवढी होते, त्यामुळे दोन द्राक्षं जिथे टेकतात तिथे सगळी ऊर्जा एकवटते आणि क्षारांचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायू होतो. त्यांनी प्रयोग करताना मशीनं बिघडवलीत. भाच्याला त्याऐवजी हे करू द्या, एका मोठ्या प्लेटमध्ये चॉकलेटचा सपाट तुकडा, फिरती ताटली काढून, वीस सेकंद. जिथे वितळलं तिथे गरम जागा. दोन वितळलेल्या ठिपक्यांतलं अंतर मोजायला सांगा. मजा येईल त्याला. मायक्रोवेव्हचा शोधच चॉकलेटने लागलाय, १९४५ च्या सुमारास अमेरिकन इंजिनीअर पर्सी स्पेन्सर रडारच्या मॅग्नेट्रॉनपाशी उभे असताना खिशातला चॉकलेटचा बार वितळला अशी गोष्ट सांगतात. १९४७ चं पहिलं मशीन तर माणसाएवढं उंच होतं, ३४० किलोच्या आसपास.

दुपारची_झोप

भाचा चॉकलेटला लगेच तयार झाला, द्राक्षं मी खाऊन टाकली.

पानापान

मी अशी मशीनं दुरुस्त करतो, पंधरा वर्षं झाली. दोनच गोष्टी लिहितो कारण काम चालू आहे. एक, आत डाव्या किंवा उजव्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा चौकोन असतो तो पुठ्ठा नाही, अभ्रकाचा पत्रा आहे, लहरी तिथून येतात. लोक तो कचरा समजून काढून टाकतात. त्यावर अन्न उडून जळलं की धातू नसतानाही ठिणग्या उडतात. दर दोन दिवसांनी ओल्या फडक्याने पुसा, जळून भोक पडलं असेल तर तेवढा पत्रा बदलून मिळतो, मशीन फेकू नका.

दुसरं, मागचं कव्हर घरी उघडू नका. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या वर विद्युतभार राहू शकतो, तो माणूस मारतो. माझ्या ओळखीचा एक मुलगा व्हिडिओ बघून उघडायला गेला होता. वाचला, पण बोटं अजून नीट चालत नाहीत. दार ढिलं वाटलं, नीट लागत नसलं, रबर-बिजागरी वाकली असली तर वापर बंद आणि माणूस बोलवा.

मोरपीस

पानापान, कामातून वेळ काढून लिहिलंत, खूप आभार. दाराबद्दल एक विचारते, माझी एक मैत्रीण म्हणते समोर उभं राहायचं नाही, किरण बाहेर येतात. जाळी असते ना काचेत?

पानापान

जाळीची भोकं मिलिमीटर दोन मिलिमीटरची आणि लहर १२ सेंटीमीटरची, जात नाही बाहेर. दिसतं कारण उजेडाची लहर फार बारीक असते. अमेरिकेत १९७१ पासूनचा नियम आहे, पाच सेंटीमीटरवर चौरस सेंटीमीटरला ५ मिलिवॅटच्या वर गळती चालत नाही, मशीनच्या पूर्ण आयुष्यात. चांगल्या दाराचं मशीन त्याच्या खूपच खाली असतं. आणि अन्न किरणोत्सारी वगैरे होत नाही, बंद केलं की लहर संपली, दिवा मालवल्यासारखं.

उंबरठा

माझ्या वडिलांसाठी काय केलं ते लिहिते, कुणाला उपयोग होईल. ते एकटे राहतात, नजर कमी झालीये, चिन्हंबिन्हं काही दिसत नाहीत. आम्ही दोघी बहिणींनी एक रविवार घालवून सगळी भांडी तपासली आणि फक्त मायक्रोवेव्हची भांडी खालच्या कप्प्यात, हाताच्या उंचीवर. धातूचं त्या कप्प्यात एकही नाही, चमचासुद्धा नाही. सुरू आणि बंद ह्या दोन बटणांवर उठावदार ठिपके चिकटवले, एकावर एक, दुसऱ्यावर दोन. आणि गरम पाण्याची नव्हे, धान्य भरलेली शेकायची पिशवी होती त्यांच्याकडे, ती आम्ही काढून घेतली कारण ती परत परत गरम केली की आतलं धान्य सुकून पेट घेतं. बाबा रागावले दोन दिवस. मग म्हणाले, ठिपके चांगले आहेत.

टपटप

पेटण्यावरून. आत काही पेटलं तर दार उघडायचं नाही!! बंद करा, प्लग काढा, हवा नाही मिळाली की विझतं. भांडी घासायचा स्पंज निर्जंतुक करायला लोक ठेवतात तोही ओलाचिंब असेल तरच, कोरडा पेटतो. रद्दी, खाकी पिशवी काहीच नको, पुनर्वापराच्या कागदात धातूचे कण असतात कधीकधी.

गोधडी

इलेक्ट्रिशियन येऊन गेला, सॉकेटच्या आतली वायर सैल होती, प्लास्टिक वितळायला लागलेलं. मशीन ठीक. पाऊलवाट, तुला काय देऊ सांग.

पाऊलवाट

काही नको, लिंबू उरलं असेल तर सरबत पी :)

मोरपीस

सगळ्यांना उत्तरं देते हळूहळू. आधी हे सांगायचंय. उंबरठाचं ऐकून आज दुपारी आईला फोन केला आणि हे सगळं वाचून दाखवलं, चौकट यांचं, पानापान यांचं, सगळं. ती मध्ये काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे ती रेघ धातूची होती म्हणून झालं?" मी म्हटलं हो आई, दुसऱ्या कुणी ठेवला असता तरी तेच झालं असतं. परत गप्प. मग म्हणाली तो कप आहे अजून, मागच्या कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय, फेकवला नाही. आणि मग विचारलं, "ते पाण्याचं सांग परत, एक मिनिट ना? आणि शेजारी कप कुठला ठेवू?"

मी फोनवरच थांबले, तिने साधा पांढरा मग ठेवला आणि बटण दाबलं. मला इकडे घुर्र आवाज ऐकू येत होता.

निळाई

मग? गार राहिला का?

मोरपीस

मग गार, पाणी गरम. तिने चहाची पूड घातली त्यात लगेच.

साधा_माणूस

अर्धा मिनिट थांबून ना?

मोरपीस

हो हो, लाकडी चमचा घालून, थांबून. मीच आकडे मोजले फोनवर.